बिनहातांची खुर्ची

(चांदूर बाजार येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



माधान इथून जवळच. गुलाबराव महाराजांच्या गावाशेजारी उभं राहून तत्त्वज्ञानावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. म्हणून मी आज विषय लहान घेतलाय. इतका लहान, की तुम्ही सगळे आत्ता त्याच्यावर बसलेले आहात.

खाली बघा. बिछायत केंद्रातून आलेली लोखंडी घडीची खुर्ची. पाठ सरळ, हात नाहीत. आता इकडे मंचावर बघा. अध्यक्षांना आणि मला दिलेल्या खुर्च्यांना हात आहेत, मखमल आहे, पाठ तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहे. आयोजकांना कोणी सांगितलं नव्हतं की वक्त्याला हाताची खुर्ची द्या आणि श्रोत्यांना बिनहाताची. तरी ते आपोआप झालं. जी गोष्ट न सांगता होते, तिच्यामागं बहुतेक वेळा जुना विचार दडलेला असतो. तोच आज उलगडून पाहू.

आधी वस्तू ठरवून घेऊ. चार पाय, एक बैठक, सरळ किंवा किंचित मागं झुकलेली पाठ, आणि कोपर टेकवायला काही नाही. दुकानात आपण तिला 'बिगर हँडलची' म्हणतो. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या याच जातीच्या, मुलांच्या अभ्यासाची हीच, शिलाई मशीनपुढची हीच. घरात सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत कमी विचार करून घेतलेली वस्तू. सोफा घ्यायचा तर घरात महिनाभर चर्चा. या खुर्च्या टेबलाबरोबर 'सेटमध्ये' येतात.

आता माझ्या विषयातली एक गंमत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पाश्चात्त्य पुस्तकं काढली की उदाहरण कशाचं? टेबलाचं, खुर्चीचं. विट्गेन्स्टाइन तर एके ठिकाणी विचारतो, समोर खुर्ची आहे म्हणून मी उचलायला गेलो आणि ती एकदम दिसेनाशी झाली, तर 'खुर्ची' हा शब्द वापरायचा कसा? आणि आपले नैयायिक काय उदाहरण देतात? घट आणि पट. मडकं आणि कापड. विद्यार्थी असताना मला वाटायचं हा योगायोग आहे. तसं नाही. माणूस उदाहरण घरातलं देतो. त्यांच्या घरात खुर्ची होती, आपल्या घरात मडकं होतं.

म्हणजे आपल्याकडे खुर्ची कोणाला माहीतच नव्हती, असंही समजू नका. वेरूळचं दहाव्या क्रमांकाचं लेणं पाहिलंय ना? छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला 'सुतार का झोपडा' म्हणतात. तिथे बुद्ध मांडी घालून बसलेले नाहीत. पाय खाली सोडून, खुर्चीवर बसावं तसे उंच आसनावर बसलेत. या बसण्याला प्रलंबपादासन असं नाव आहे. तेव्हा उंच आसन माहीत होतं. पण ते देवाचं, राजाचं, गुरूचं. बाकीच्यांसाठी जमीन, चटई, सतरंजी. जेवायला पाट, अंगणात बाज, बैठकीत गादी-तक्के.

शब्दही तपासून बघा. 'खुर्ची' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतल्या 'कुर्सी'वरून आला, आणि त्याची पाळंमुळं पार प्राचीन इराकमधल्या अक्कादी भाषेतल्या 'कुस्सू'पर्यंत जातात. तिथंही अर्थ सिंहासनाकडे झुकणारा. इंग्रजीतला 'चेअरमन' म्हणजे खुर्चीतला माणूस. आपल्या सेवा सोसायटीचा चेअरमन तोच. विद्यापीठात एखाद्या थोर माणसाच्या नावानं जे पद असतं त्याला आपण 'अध्यासन' म्हणतो, म्हणजे तेही आसनच. आणि राजकारणात 'खुर्चीसाठी भांडतात' म्हटलं की कोणत्या लाकडाची, असं कोणी विचारत नाही.

आपला वऱ्हाड निजामाच्या राज्यातला, १८५३ साली इंग्रजांकडे सोपवलेला. त्या निजामाच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट जायचा तेव्हा बूट काढून, गालिच्यावर खाली बसायचा. १८६९ साली लहान वयाचा निजाम गादीवर आला, आणि ती वेळ साधून इंग्रजांनी रीत बदलून घेतली. आता बूट पायात राहतील आणि आम्ही खुर्चीवर बसू. बघा, तह नाही, लढाई नाही, नुसता बसण्याचा प्रश्न. पण कोण वर आणि कोण खाली, हे सगळ्या दरबाराला एका दिवसात कळलं.

मग तालुक्याच्या ठिकाणी कचेऱ्या आल्या आणि कचेरीबरोबर खुर्ची आली. साहेबाची हाताची. तिच्या हातांवर कोपर टेकले की माणूस आपोआप रुंद होतो. छाती पुढं येते, आवाज बदलतो. हातांची खुर्ची बसणाऱ्याभोवती कुंपण घालते. 'एवढी जागा माझी', असं सांगते. आपल्या पाटील-देशमुखांच्या वाड्यांत तिचंच अनुकरण झालं. बैठकीत एक हाताची खुर्ची, नाहीतर लांब हातांची आरामखुर्ची, आणि ती एकाच माणसाची. तो बाहेरगावी गेला तरी तिच्यावर कोणी बसायचं नाही. पोट्ट्यांनी तर मुळीच नाही.

बिनहाताची खुर्ची मात्र वेगळ्या वाटेनं आली. ती बाजारातून आली.

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांत गोल वाकवलेल्या काळपट लाकडाच्या खुर्च्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचा मूळपुरुष म्हणजे व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांची १४ नंबरची खुर्ची, साल १८५९. लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं. सगळी खुर्ची लाकडाच्या सहा तुकड्यांची, जोडायला दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी करून भरली तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या बसत. १९३० पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. हात नसल्यामुळे ती हलकी, स्वस्त आणि एकमेकींच्या जवळ मांडता येण्यासारखी. तिच्यावर चहा प्यायला कोण बसायचं? गिरणी कामगार, वकील, नट, रिकामटेकडा, सगळेच. दोन आणे टाकले की खुर्ची तुमची, आणि उठलात की दुसऱ्याची. माझ्या मते आपल्याकडे सार्वजनिक बसण्याची सवय लावण्यात या खुर्चीचा वाटा मोठा आहे.

आता घरात येऊ.

माझे वडील शाळामास्तर. घरात दोन खुर्च्या. एक हाताची, बैठकीत, आजोबांची. दुसरी सागाची, सरळ पाठीची, बिनहाताची, वेताच्या बैठकीची. ती शिलाई मशीनपुढं असायची, कारण आई गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. मशीनपुढं हाताची खुर्ची चालतच नाही. कापड सरकवताना दोन्ही कोपर बाहेर जातात, ते हँडलला अडतात. हार्मोनियम टेबलावर ठेवून वाजवणारा, टायपिंग करणारा, भाजी चिरणारी, सगळ्यांना बिनहाताचीच लागते. ज्याला हातांनी काम करायचंय त्याला खुर्चीचे हात नकोत.

आमच्या घरची रीत अशी, की आजोबा ओसरीवर आले की सुनेनं उठून उभं राहायचं. आई जमिनीवर बसलेली असली तरी उठायची. पण मशीनवर एक शिलाई अर्ध्यात असताना उठता येत नाही, दोरा तुटतो, कापड सरकतं. एक दिवस आजोबा आले, आई उठली नाही. मी तिथंच पाटीवर अक्षरं गिरवत होतो. आजोबा थबकले, खाकरले आणि आत गेले. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीपासून तो प्रश्नच राहिला नाही. माझ्या आईनं कधी समतेवर भाषण ऐकलं नव्हतं. पण त्या घरात सासऱ्यासमोर खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई, आणि त्याला कारण ठरली ती बिनहाताची खुर्ची. ती मानाची नव्हती, कामाची होती. म्हणूनच तिच्यावरून भांडण करणं आजोबांना जमलं नाही.

ही घरातली गोष्ट झाली. गावातली याहून कडू आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत सांगितलंय की शाळेत त्यांना वेगळ्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावं लागे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, कारण शाळेच्या शिपायाला त्याचा विटाळ व्हायचा. बसण्याची वस्तू ही इथं माणसाची पायरी दाखवायला वापरली गेली. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९३ पासून पंचायतींत राखीव जागा आल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये बायकांसाठी निम्म्या जागा ठेवल्या. तरी सरपंच बाई खाली सतरंजीवर आणि तिचा नवरा खुर्चीत, असं दृश्य आपण पाहिलंय की नाही? देशाच्या निरनिराळ्या भागांतून दलित सरपंचांना खुर्ची नाकारल्याच्या बातम्या अजून येतात. तेव्हा कोणी म्हणेल की सर, खुर्चीवर काय व्याख्यान देता, तर त्याला सांगा, ज्याला ती मिळाली नाही त्याला विचार.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. घरात काही खुर्च्या अशा असाव्यात की त्या कोणाच्याच नाहीत. जो येईल तो बसेल. कामवाली मावशी आली, गॅसवाला आला, पोरीचे मित्र आले, सगळ्यांना तीच. बिनहाताची खुर्ची या कामाला उत्तम, कारण तिला कुंपण नाही. पण खुर्ची नुसती घरात असून भागत नाही. तिच्यावर 'बसा न जी' म्हणावं लागतं.

आता थोडं लाकडाकडे वळू, कारण नुसत्या विचारावर बसता येत नाही. पतंजलींनी आसनाकडून दोनच अपेक्षा केल्यात, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. त्यांच्या मनात खुर्ची नव्हती हे कबूल, पण याच दोन कसोट्या आपण हिला लावू.

पहिली स्थिरता. खुर्ची कुठं मोडते? बैठक आणि मागचा पाय जिथं जुळतात तिथं. मागचा पाय आणि पाठ हा बहुतेक वेळा एकच सलग दांडा असतो. आपण मागं रेललो की तो दांडा तरफेसारखा त्या सांध्याला उचकटतो. हाताची खुर्ची असेल तर हात पाठीला पुढच्या पायाशी बांधून ठेवतो, जोर वाटला जातो. बिनहाताच्या खुर्चीला ती मदत नाही, सगळा भार एकट्या सांध्यावर. म्हणून घेताना उलटी करून बघा. बैठकीखाली चारही कोपऱ्यांत लाकडी ठोकळे आहेत का? पायांना खाली जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत का? खोबण पाडून कुसू बसवलाय की नुसता खिळा मारलाय? परतवाड्याच्या लाकूडबाजारात मेळघाटचा साग मिळतो. पण साग चांगला आणि सांधा वाईट असेल तर खुर्ची टिकत नाही. आणि मुलांना मागच्या दोन पायांवर डोलू देऊ नका. चांगल्यात चांगला सांधा त्यानं ढिला होतो.

दुसरं सुख. बैठकीची उंची साधारण १७ ते १८ इंच असते, टेबल ३० इंचांचं. दोन्हींत १२ इंचांच्या आसपास अंतर असलं की मांड्याही अडकत नाहीत आणि खांदेही उचलावे लागत नाहीत. पण १८ इंच उंची कोणासाठी? आपल्या घरातल्या बुटक्या बाईचे पाय त्या खुर्चीवर लोंबकळतात. मांडीच्या मागची बाजू दबते आणि पायाला मुंग्या येतात. मग ती पाय वर घेऊन मांडी घालते आणि आपण हसतो. हसू नका, सुताराकडून खुर्चीचे पाय एक इंच कापून घ्या. सगळ्या सहा खुर्च्या एकाच उंचीच्या हव्यात, असं कुठं लिहिलेलं नाही. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, एवढा एकच नियम.

जागेचं गणित असं. हाताच्या खुर्चीला साधारण दोन फूट रुंदी लागते, बिनहाताचीला दीड फूट. पाच फुटांच्या टेबलाच्या एका बाजूला हाताच्या दोनच मावतात, बिनहाताच्या तीन. शिवाय हात नसल्यानं त्या टेबलाखाली पुऱ्या सरकतात. लहान घरात हे फार मोठं सुख आहे. मागं भिंतीपर्यंत अडीच फूट तरी सोडा, नाहीतर एक उठला की सगळ्यांना उठावं लागतं. आणि बैठक वेताची मिळाली तर तीच घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं गेला की रेक्झिनच्या गादीवर माणूस चिकटतो.

इथवर मी बिनहाताच्या खुर्चीची वकिली केली. आता तिच्याविरुद्धची साक्ष, आणि साक्षीदार मीच.

मागच्या वर्षी जेवून उठताना मला उठता येईना. वय ७४. गुडघ्यांनी नकार दिला. हात आपोआप बाजूला गेला, हँडल शोधायला, आणि तिथं हवा होती. शेवटी टेबलाला धरून उठलो, ताट सांडलं. बायको म्हणाली, "उद्याच हाताची खुर्ची आणा." मला राग आला. खुर्चीचा नाही, स्वतःचा.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी काय काढावं समोर? सरळ पाठीची, बिनहाताची खुर्ची! उंची १७ इंच. ती भिंतीला टेकवली. मला सांगितलं, मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता ते बघू. रिकली आणि जोन्स या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात ही चाचणी बसवली, आणि आज ती म्हाताऱ्यांच्या पायांची ताकद आणि पडण्याचा धोका पाहायला वापरतात. ७० ते ७४ वयाच्या पुरुषानं १२ वेळा तरी उठावं, बाईनं १० वेळा. ७५ ते ७९ मध्ये पुरुषानं ११, बाईनं १०. त्याखाली गेलं तर सरासरीपेक्षा कमी. माझे झाले ९.

ब्राझीलमध्ये याच्या पुढची चाचणी झाली, जमिनीवर बसून कमीत कमी आधारानं उठण्याची. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांवरचा तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. घाबरू नका. नैयायिक इथं आपल्याला सावध करतील. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, पण धूर अग्नीचं कारण नव्हे. न उठता येणं ही खूण आहे. तिच्यामागं काय आहे ते वैद्यानं शोधायचं. पण माझ्या मनात आलं, पाटावरून दिवसातून दहा वेळा उठणारी माझी आजी ही परीक्षा रोज देत होती.

मग मी काय केलं? दोन्ही. बिनहाताची खुर्ची टाकली नाही. सकाळ-संध्याकाळ तिच्यावरच उठबस करतो. चार महिन्यांत ९ चे १२ झाले. आणि टेबलाशी एक हाताची खुर्चीही आणली. ती कर्त्या पुरुषाची म्हणून नाही. ज्याचे गुडघे दुखतील त्याची. आज माझी, उद्या बायकोची, परवा बाळंतपणाला आलेल्या नातीची.

माझं म्हणणं इथं पुरं होतं. खुर्चीला हात आले ते अधिकार दाखवायला. घरातून तो अधिकार काढून टाका, सगळ्यांना सारख्या बिनहाताच्या खुर्च्या द्या. आणि मग जिथं खरंच गरज असेल तिथं हात परत लावा, पण आधारासाठी. कोणाला हाताची खुर्ची द्यायची हे मान पाहून ठरवू नका, गुडघे पाहून ठरवा.



प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, मंग सोफा घ्याच नाही काय?

उत्तर : घ्या ना बाप्पा! पण सोफ्यावर जेवू नका, लिहू नका आणि पाहुण्या म्हाताऱ्याला त्याच्यात बसवू नका. खोल आणि मऊ बैठकीतून उठणं सर्वांत अवघड. गुडघे नितंबांपेक्षा वर गेले की उठायला जास्त जोर लागतो. म्हाताऱ्यांना उंच, टणक बैठक द्या.

प्रश्न : प्लास्टिकच्या खुर्चीला तर सगळीकडे हात असतात. तिथं कुठला अधिकार?

उत्तर : चांगला प्रश्न. प्लास्टिक लवचीक असतं. तिथं हात हा पाठीला आधार देतो, मघाशी सांगितलं तसा, म्हणून तो साच्यातच ओतलेला असतो. शंभर रुपये जास्त न देता सगळ्यांनाच हात मिळाले, तेव्हा त्यातला मान गेला. पण कार्यक्रमात तिथंही पाहुण्यांच्या खुर्चीवर टॉवेल टाकतात. माणूस फरक करायला काहीतरी शोधतोच.

प्रश्न : ती ३० सेकंदांची चाचणी घरी करावी का?

उत्तर : खुर्ची भिंतीला टेकवून, चप्पल-बूट नीट घालून आणि शेजारी कोणीतरी उभं असेल तरच. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एकदाही हात न लावता उठता आलं नाही तर लाजू नका. ते सांगायलाच तर डॉक्टरकडे जायचं.

प्रश्न : पुढच्या वेळी वक्त्याला कोणती खुर्ची देऊ?

उत्तर : तुमच्यासारखीच द्या. पण आधी त्याचं वय विचारा.